हाताला दोष देण्याआधी फूट तपासा

आज आपण शिलाई मशीनच्या एका लहानशा भागाविषयी बोलणार आहोत. तो रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो, दिवसातून शंभरदा आपण तो वर-खाली करतो, पण त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही. तो भाग म्हणजे प्रेशर फूट. सुईच्या दोन्ही बाजूंनी कापडावर टेकणारी, पावलासारखी दोन बोटांची लोखंडी पट्टी. आपण त्याला नुसता 'फूट' म्हणतो, तेच नाव आजही वापरू.

हा विषय का निवडला ते आधी सांगतो. आमच्या भागातल्या एका गटाने एका खरेदीदारासाठी शर्ट शिवले. कापड चांगले, माप बरोबर, टीपही सरळ. तरीही त्यातले बरेच शर्ट परत आले. कारण काय, तर बटणपट्टीची एक बाजू खाली लोंबत होती आणि बगलेच्या शिवणीला चुण्या पडल्या होत्या. गटातली एक ताई आम्हाला म्हणाली, "आमच्या हातालेच वळण नाही जी." पंधरा वर्षे शिवणारी बाई स्वतःच्या हाताला दोष देत होती. मशीन तपासली तेव्हा दिसले की कापड कापण्यात चूक नव्हती आणि शिवण्यातही नव्हती. फुटाचा दाब त्या कापडासाठी फार जास्त होता. वरचा एक स्क्रू थोडा सैल केल्यावर त्याच हाताने, त्याच मशीनवर शिवण सपाट आली. म्हणून आज हे बोलायचे. फूट कसा चालतो, त्यात कोणत्या सुधारणा झाल्या आणि त्यातली कोणती आपल्या कामाची, हे सगळे समजून घेऊ.

फूट नेमके काय करतो

फुटाला तीन कामे असतात.

पहिले काम कापड दात्यांवर दाबून धरण्याचे. मशीनच्या पट्टीतल्या फटींतून जे दाते वर येतात, ते कापड पुढे सरकवतात. या दात्यांची चाल चार पावलांची असते. ते वर येतात, कापडाला धरून मागे जातात, पट्टीखाली बुडतात आणि खालच्या खालीच पुन्हा पुढे येतात. पुन्हा वर, पुन्हा मागे. पण नुसते दाते वर येऊन भागत नाही. वरून कोणी दाबून धरले नाही तर दाते कापडाखाली घासत राहतील आणि कापड जागचे हलणार नाही. तो दाब फूट देतो. फुटाच्या दांडीत वरच्या बाजूला एक स्प्रिंग असते, दाब तिचा असतो.

दुसरे काम सुई वर जाताना कापडाला खाली धरून ठेवण्याचे. सुई कापडातून खाली गेली की ती थोडी वर उचलली जाते आणि त्याच क्षणी दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. शटलचे टोक त्या फासात शिरते आणि बॉबिनच्या दोऱ्याशी गाठ पडते. कापड सुईला चिकटून वर उचलले गेले तर हा फास होतच नाही आणि टाका सुटतो. पातळ कापडावर मधूनच टाके सुटतात, तेव्हा आपण लगेच सुई बदलतो. सुई बदलावीच, पण फूट कापडाला नीट धरतो की नाही तेही पाहावे.

तिसरे काम फार थोड्या जणींना ठाऊक असते. बहुतेक मशीनमध्ये फूट वर केला की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघडतात आणि फूट खाली केला की त्या आवळतात. म्हणून दोरा ओवताना फूट नेहमी वर ठेवायचा, म्हणजे दोरा चकत्यांच्या मधोमध बसतो. आणि शिवायला सुरुवात करताना फूट खाली आहे ना, हे बघायचेच. फूट वर राहिला आणि आपण पायडल मारले तर दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. नव्या मुली अशा वेळी घाबरून मेकॅनिकला बोलावतात. त्यांना ही एक गोष्ट सांगितली तर मेकॅनिकचे पैसे वाचतील.

शिवणीला झोल का येतो

आता मुख्य अडचणीकडे येऊ. दोन कापडे एकावर एक ठेवून, टोकाला टोक जुळवून आपण शिवायला घेतो. शेवटी पोचतो तेव्हा वरचे कापड अर्धा इंच जास्त उरलेले असते. ते कुठून आले? कापले तेव्हा तर दोन्ही सारखीच होती.

कारण सोपे आहे. खालच्या कापडाला दाते ओढतात. वरच्या कापडाला दाते लागतच नाहीत, ते खालच्या कापडाच्या आधाराने सरकते. त्यात वरून फुटाचे लोखंड त्याला घासते आणि मागे रोखते. म्हणजे खालचे कापड पुढे जाते आणि वरचे थोडे मागे राहते.

हे 'थोडे' किती, त्याचा हिशेब करून बघू. समजा, आपला टाका अडीच मिलिमीटरचा आहे. ४० सेंटिमीटरच्या शिवणीत असे १६० टाके बसतात. दर टाक्याला वरचे कापड मिलिमीटरच्या फक्त विसाव्या भागाइतके मागे राहिले, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतके, तरी १६० टाक्यांनंतर फरक ८ मिलिमीटर होतो. इंचाचा जवळपास तिसरा हिस्सा. बटणपट्टी लोंबायला तेवढे पुरते. यात शिवणारीच्या हाताचा दोष नाही. एकाच बाजूने कापड ओढणाऱ्या मशीनचा तो स्वभाव आहे.

फुटाचा दाब जितका जास्त, तितके वरचे कापड जास्त रोखले जाते. पण दाब फार कमी केला तर दात्यांची पकड सुटते. टाके लहान-मोठे पडतात, कापड तिरके पळते, टाके सुटतात. म्हणून दाब कापडाप्रमाणे बेताचा लागतो.

दाबाची परीक्षा घरच्या घरी

आपल्या काळ्या पायडलच्या मशीनवर, डाव्या टोकाला, फुटाच्या दांडीच्या अगदी वर एक गोल खाचेदार स्क्रू असतो. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळला की दाब वाढतो, उलट फिरवला की कमी होतो. काही नव्या मशीनवर त्याऐवजी आकडे लिहिलेली चकती असते. बऱ्याच घरांत मशीन आल्यापासून या स्क्रूला हात लागलेला नसतो. मलमल असो की जीन्स, सगळे एकाच दाबावर शिवले जाते.

परीक्षा अशी करा. जे कापड शिवायचे आहे त्याच्याच दोन पट्ट्या कापा, १८ इंच लांब, २ इंच रुंद, दोन्ही उभ्या धाग्याच्या. एकावर एक ठेवून टोके नीट जुळवा आणि मधोमध टीप मारा. हाताने मागून ओढायचे नाही, पुढून ढकलायचे नाही, फक्त दिशा द्यायची. शेवटी काय उरले ते बघा. वरची पट्टी लांब उरली तर स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि नव्या पट्ट्यांवर पुन्हा टीप मारा. टाके लहान-मोठे पडू लागले किंवा कापड बाजूला सरकू लागले तर थोडा आवळा. तीन-चार वेळा केले की त्या कापडाचा दाब सापडतो. पट्ट्या टाकून देऊ नका. त्यावर कापडाचे नाव आणि स्क्रूचे किती फेरे ते लिहून वहीत टाचून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा शोधायला नको.

ढोबळ नियम असा लक्षात ठेवा. मलमल, जॉर्जेट, शिफॉन यांना कमी दाब. गणवेशाचे कापड, खादी, साधे सुती यांना मध्यम. जीन्स, कॅनव्हास अशा जड आणि घट्ट विणीच्या कापडाला जास्त. पण कापड जाड असूनही फुगीर असेल, म्हणजे गोधडी किंवा आत फोम भरलेली पिशवी, तर दाब कमीच ठेवायचा. नाहीतर वरचा थर फुटासमोर गोळा होतो.

आपल्या भंडाऱ्याकडच्या कोशाविषयी वेगळे सांगायला हवे. कोसा महाग, आणि त्यावर दात्यांचे आणि फुटाचे वळ उठले तर जात नाहीत. कोशाचा ब्लाउज शिवताना दाब कमी, सुई ११ नंबरची, आणि खाली पातळ कोरा कागद ठेवून शिवायचे. टीप झाल्यावर कागद हलक्या हाताने फाडून काढायचा. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नका, त्याची शाई कापडाला लागते.

जुन्या शिवणारणींचा आणखी एक नियम आहे. एक बाजू थोडी सैल आणि दुसरी ताठ असेल, जसे बाही मुंढ्याला जोडताना, तर सैल बाजू खाली ठेवायची. खालचे दाते जास्त ओढतात, ते सैलपणा आपोआप खाऊन टाकतात. मशीनचा जो स्वभाव एरवी त्रास देतो, तोच इथे उपयोगी पडतो.

फुटात झालेल्या सुधारणा

आता पाहू या की या एकतर्फी ओढीवर कोणकोणते उपाय निघाले.

पहिला उपाय म्हणजे सांध्यावर डुलणारा फूट. फुटाचा तळवा दांडीला पक्का जोडलेला नसतो, मध्ये सांधा असतो. त्यामुळे जाड शिवण आली की पुढचे टोक वर उचलते आणि फूट चढतो. पण जीन्सच्या मांडीला, जिथे आठ-आठ थर येतात, तिथे पुढचे टोक फार वर आणि मागचे फार खाली राहते, फूट तिरका होतो आणि दाते घसरतात. तिथे एक बिनपैशाची युक्ती आहे. पुठ्ठ्याची घडी घालून त्या शिवणीइतकी जाड करा आणि फुटाच्या मागच्या बाजूला, तळव्याखाली ठेवा. फूट सपाट झाला की दाते पुन्हा पकडतात. शिवण ओलांडली की पुठ्ठा काढून घ्या.

दुसरा उपाय कारखान्यातल्या शर्टांसाठी निघाला. फुटाची दोन बोटे वेगवेगळी असतात आणि त्यातले एक स्प्रिंगवर खाली-वर होते. कॉलरच्या कडेला टीप मारताना एका बोटाखाली चार थर असतात आणि दुसऱ्याखाली एकच. साधा फूट जाड बाजूवर टेकतो आणि पातळ बाजू मोकळी राहते. या फुटाची दोन्ही बोटे आपापल्या उंचीवर टेकतात, शिवाय त्याची कड कॉलरच्या कडेला घासत चालते, म्हणून टीप शेवटपर्यंत सारख्या अंतरावर राहते. गणवेशाचे काम घेणाऱ्या गटाकडे मोटरची मोठी मशीन असेल, जिला आपल्याकडे कोणत्याही कंपनीची असली तरी जुकीच म्हणतात, तर हा फूट जरूर मागून घ्यावा.

तिसरा उपाय घसरत्या तळव्याचा. रेक्झिन, प्लास्टिकचा थर दिलेले कापड किंवा चामडे लोखंडी फुटाला चिकटते. त्यासाठी टेफ्लॉनचा पांढरा फूट मिळतो. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच थर. काही फुटांना छोटी चाके असतात, ती रेक्झिनवर फिरत जातात. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्यांचे काम अनेक गटांनी धरले. ज्या गटांनी पुढे शाळेची दप्तरे आणि लॅपटॉपच्या पिशव्या शिवायला घेतल्या, त्यांना हा फूट घेतल्याशिवाय चालणार नाही.

चौथा उपाय सर्वांत मोठा. फुटालाच दाते बसवले. याला वॉकिंग फूट म्हणतात, म्हणजे चालणारा फूट. त्याचा एक हात सुईच्या स्क्रूवर अडकवायचा असतो. सुईच्या चालीबरोबर फुटातले दाते हलतात आणि वरच्या कापडालाही खालच्या कापडाच्या जोडीने मागे नेतात. खालून ओढ, वरूनही ओढ, त्यामुळे कोणी मागे राहत नाही. जुन्या लुगड्यांची चार-पाच थरांची गोधडी, चौकडीचे कापड ज्यात रेघेला रेघ जुळवायची असते, मऊ ताणणारे कापड, यांना हा फूट फार चांगला. पण त्याच्या मर्यादाही आहेत. तो बोजड असतो, त्यावर हळू शिवावे लागते, आणि उलटी टीप त्यावर सहसा मारायची नसते. कारखान्यात ज्या मशीनवर सोफे आणि दप्तरे शिवतात, त्यांत हीच व्यवस्था मशीनच्या आत कायमची बसवलेली असते.

पाचवी सुधारणा दाबाची नाही, उचलण्याची. साध्या मशीनवर फूट उचलायला एक हात मागच्या लिव्हरकडे न्यावा लागतो. मोठ्या मशीनवर टेबलाखाली गुडघ्याजवळ एक पट्टी असते. गुडघ्याने ती उजवीकडे ढकलली की फूट उचलतो. दोन्ही हात कापडावरच राहतात, कोपऱ्यावर कापड फिरवताना हलत नाही. त्याचा हिशेब असा. समजा एका शर्टाला आपण ६० वेळा फूट वर-खाली केला आणि दर वेळेला २ सेकंद वाचले. एका शर्टामागे २ मिनिटे, दिवसाच्या १० शर्टांमागे २० मिनिटे. शिवाय दिवसभर मान वाकवून उजवा हात मागे नेल्याने खांदा दुखतो, तो त्रास कमी होतो. आपल्या बायका खांदेदुखीला वय झाले म्हणतात. पुष्कळदा ते वय नसते, तो लिव्हर असतो.

याशिवाय छोट्या कामांचे फूट पुष्कळ आहेत. चेन लावायचा एका बोटाचा फूट, ब्लाउजच्या गळ्याला दोरीची पायपिंग करायचा खाचेचा फूट, रुमाल आणि ओढणीची कड आपोआप दुमडून शिवणारा फूट, चुण्या घालणारा फूट. रुमालाची कड हाताने दुमडत शिवायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात दुमडीच्या फुटाने होते. मात्र त्याला सराव हवा. पहिल्या दिवशी तो त्रास देतो म्हणून डब्यात टाकून देऊ नका.

हा फूट आला कुठून

थोडा इतिहासही ऐका. अमेरिकेत १८४६ साली एलायस होव याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात आजच्यासारखे कापड आडवे सरकत नव्हते. ते एका पट्टीच्या टाचण्यांवर उभे अडकवावे लागे. पट्टी संपली की यंत्र थांबवायचे, कापड काढायचे, पुन्हा टोचायचे. सलग लांब शिवण होत नसे. १८५१ साली आयझॅक सिंगर याने जे यंत्र केले त्यात सुई उभी खाली-वर होत होती, कापड सपाट टेबलावर होते आणि त्याला वरून दाबून धरणारा स्प्रिंगचा फूट होता. १८५४ साली ॲलन विल्सन याने दात्यांच्या चार पावलांच्या चालीचे पेटंट घेतले. वरून फूट, खालून दाते, ही जोडी जमली आणि शिवण हवी तितकी लांब, हवी तशी वळवता येऊ लागली. आज आपल्या घरातली मशीन मुळात तीच आहे. आपल्या देशात १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन बनू लागली आणि हळूहळू ती लग्नाच्या रुखवतापर्यंत पोचली. आज लुधियाना हे मशीन आणि तिच्या सुट्या भागांचे मोठे केंद्र आहे.

आपल्या नागपूरहून दोन तासांच्या वाटेवर सेवाग्राम आहे. गांधीजींना यंत्रांचे वावडे होते असे लोक म्हणतात. पण १९२४ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला मुद्दाम अपवाद केला. त्यांचा मुद्दा असा होता की बायकोचे कष्ट कमी व्हावेत या मायेतून हे यंत्र झाले, आणि यंत्राच्या मागे असा माणसाचा विचार असेल तर त्याला त्यांची हरकत नाही. आम्हाला ही कसोटी फार पटते. नवा फूट, नवी मशीन घेताना आपणही हेच विचारावे की यामुळे शिवणारीचे कष्ट कमी होतील का, आणि वाचलेला वेळ तिच्या पदरात पडेल का.

विकत घेताना आणि सांभाळताना

गांधीबाग-इतवारीकडे कापड घ्यायला जाता, तेव्हा फूटही बघून या. पण जाण्याआधी आपल्या मशीनच्या दांडीची उंची मोजा. फूट खाली टेकवून, खालच्या पट्टीपासून फूट बसवायच्या स्क्रूपर्यंत पट्टी लावा. घरगुती मशीनमध्ये हे अंतर पाऊण इंचाच्या आसपास असते, मोठ्या मशीनमध्ये एक इंचाहून जास्त. एकाचा फूट दुसरीला बसत नाही. सर्वांत चांगले म्हणजे जुना फूट काढून पिशवीत घालून न्यायचा आणि दुकानदाराला तोच दाखवायचा. प्रत्येकीने प्रत्येक फूट घेण्याची गरज नाही. गटाने मिळून एक डबा करावा, त्यात वॉकिंग फूट, टेफ्लॉन, चेन आणि दुमडीचा फूट ठेवावा, आणि कोणी नेला त्याची नोंद वहीत करावी.

नवी मशीन घ्यायचा विचार असेल तर प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि दर्जीकाम त्यातले एक. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रावर होते. तिथे जाऊन सध्याच्या अटी विचारून घ्या, मधल्या माणसाला पैसे देऊ नका.

सांभाळायचे म्हणाल तर चार गोष्टी. कापड नसताना फूट दात्यांवर टेकवून मशीन चालवू नका, दोघेही झिजतात. काम संपले की खाली कापडाचा तुकडा ठेवून फूट टेकवा. फुटाच्या तळव्यावरून बोट फिरवा, ओरखडा लागला तर अगदी बारीक पॉलिश पेपरने तो घासून गुळगुळीत करा, नाहीतर जॉर्जेटचे धागे ओढले जातील. फूट बदलल्यावर चाक हाताने एकदा सावकाश फिरवा आणि सुई छिद्राच्या मधोमध जाते ना ते पाहा. सुई फुटावर आदळून तुटली तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. आणि फुटाच्या दांडीला आठवड्यातून तेलाचा एक थेंब द्या, मग जुन्या कापडावर दोन टिपा मारून जास्तीचे तेल काढून टाका.

हे सगळे कशासाठी

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य शासनाने शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली होती. पुढच्या वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. म्हणजे आता मोठा आदेश वरून येणार नाही, आपल्याच गावच्या शाळेच्या समितीसमोर जाऊन काम मागायचे आहे. त्या समितीत आपल्यासारखेच पालक असतात. त्यांच्यासमोर बोलण्यापेक्षा शिवलेला नमुना ठेवला तर जास्त उपयोग होतो. बगलेची शिवण सपाट आहे, बटणपट्टी दोन्हीकडे सारखी आहे, दोन धुण्यांनंतर चुणी पडत नाही, हे दाखवता आले की भाव सांगताना आवाज दबत नाही.

आणि माल परत करणारा कोणी आला तर आता आपल्याला प्रश्न विचारता येईल. शिवण कुठे चुकली, किती इंचाचा फरक आहे, कोणत्या कापडावर आहे? 'तुमच्या बायकांचे काम कच्चे' एवढ्यावर मान खाली घालायची गरज नाही. दोष मोजता आला की तो दुरुस्त करता येतो, आणि तो आपला नसेल तर तसे सांगताही येते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या मशीनचा फूट आणि ज्या कापडाचे काम चालू आहे त्याच्या चार पट्ट्या घेऊन यावे. गटातल्या एकीच्या घरी मशीन ठेवा, १८ इंचांची परीक्षा सगळ्यांनी मिळून करा, आणि दाबाचे फेरे वहीत लिहा. वही गटाची असू द्या, एकीची नको. ज्या शिकाऊ मुलीला सगळ्यांत कमी येते तिच्याकडून पहिली टीप मारून घ्या, म्हणजे मशीन लागली आहे की नाही ते खरे कळेल. तुमच्या वहीत कोणत्या कापडाला किती फेरे निघाले ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात आपण ते सगळ्या गटांना वाचून दाखवू.